घरी केलेल्या सॉसचं दुसऱ्या दिवशी पाणी का होतं? (आणि फ्रिजच्या दारातल्या बाटल्या)

उकळी

फ्रिजच्या दारातले दोन कप्पे नुसत्या बाटल्यांनी अडलेत. होइसिन, तेरियाकी, स्वीट चिली, ब्लॅक पेपर, स्टर फ्राय. प्रत्येकीचं झाकण चिकट आणि प्रत्येकीच्या तळाशी दोन बोटं माल शिल्लक. तो संपत नाही आणि टाकवतही नाही. मागच्या आठवड्यात एका बैठकीत सगळ्या बाटल्यांची पाठ वाचून काढली. पहिले तीन-चार घटक जवळपास सगळीकडे तेच: साखर, पाणी, सोया सॉस, स्टार्च. म्हटलं, हे तर माझ्याकडेही आहे.

तर केला. अर्धा कप सोया सॉस, एक कप पाणी, तीन टेबलस्पून साखर, किसलेलं आलं-लसूण, दोन टेबलस्पून व्हिनेगर, दोन टेबलस्पून कॉर्नफ्लोअर. सगळं एकत्र करून चांगलं दहा-बारा मिनिटं उकळलं. गार व्हायला लागल्यावर वरून दोन चमचे मध. चव घेत घेत, थोडं हे थोडं ते करत जमवला. पहिल्या रात्री नूडल्सवर असा चकचकीत बसला की मुलांनी ताटल्या चाटल्या. उरलेला बाटलीत भरून ठेवला. दुसऱ्या दिवशी बघते तर खाली गाळ, वर पाणी. तीनदा झालंय हे. तिसऱ्यांदा कॉर्नफ्लोअर दुप्पट केलं, तर पहिल्या दिवशी पुस्तकं चिकटवायची खळ झाली आणि दुसऱ्या दिवशी परत पाणीच.

कुठे चुकतंय? आणि जाताजाता हेही सांगा: ह्यातलं काय घरी करण्यात अर्थ आहे आणि काय निमूटपणे विकत आणावं?

घाईगडबड

माझंही अगदी हेच होतं. मला वाटायचं आमचा फ्रिजच खराब आहे. इथे बसून राहते.

मंद आच

उकळी, उत्तर देण्याआधी तीन प्रश्न. व्हिनेगर सुरुवातीपासून उकळलं का? मध कच्चा होता का? आणि चव कशाने बघत होतात?

उकळी

हो, सुरुवातीपासून. मध कच्चा, न तापवलेला. चव चमच्याने बघत होते, आणखी कशाने बघणार :)

मंद आच

एकाच चमच्याने? तोंडात घालून परत पातेल्यात?

उकळी

...हो. घरचाच तर आहे सॉस.

प्रयोगवही

सापडला चोर! खरं म्हणजे तीन चोर आहेत, पण मोठा तोच.

कॉर्नफ्लोअर म्हणजे स्टार्चचे कण. गार पाण्यात ते नुसते तरंगतात नाहीतर तळाशी बसतात. साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सिअसला ते पाणी पिऊन फुगायला लागतात, आणि उकळी फुटेपर्यंत सॉस घट्ट होतो. ही फुगलेली जाळी टिकली तर सॉस टिकतो. आता ती कोण कोण मोडतं ते बघा.

पहिलं, लाळ. आपल्या लाळेत अमायलेज नावाचं एन्झाइम असतं आणि त्याचं कामच स्टार्च तोडणं. तोंडातून परत आलेल्या चमच्यावर लागलेली लाळ कोमट सॉसमध्ये गेली की तोडफोड सुरू. सॉस उकळत असताना गेली तर ते एन्झाइम उष्णतेने मरतं, पण तुम्ही चव बहुतेक गार होताना घेतलीत. उष्टा चमचा परत घालू नये ही सांगी नुसती स्वच्छतेपुरती नाही.

दुसरं, मध. कच्च्या मधातही ह्याच जातीचं एन्झाइम असतं. मध घालायचाच तर साखरेच्या जागी, उकळताना.

तिसरं, व्हिनेगर. आम्ल आणि उष्णता एकत्र आली, आणि तीही दहा-बारा मिनिटं, की स्टार्चच्या साखळ्या तुटतात. गार सॉसमध्ये घातलेलं व्हिनेगर फारसं काही करत नाही. म्हणून आंबट पदार्थ गॅस बंद केल्यावर.

आणि चौथी गोष्ट, जी चोरी नाही, स्वभाव आहे: कॉर्नफ्लोअरने घट्ट केलेलं काहीही फ्रिजमध्ये राहिलं की थोडं पाणी सोडतंच. डीपफ्रीझमध्ये तर स्पंजासारखं होतं.

उकळी

अरे देवा. म्हणजे तीन वेळा माझ्याच तोंडाने सॉस खाल्ला, तोही बाटलीतल्या बाटलीत.

मंद आच

वरचं सगळं बरोबर आहे, पण मी तुम्हाला वेगळंच सांगणार आहे. साठवायचा सॉस घट्ट करूच नका. बाटलीत पातळ ठेवा, कढईत घट्ट करा. माझं बारा-पंधरा वर्षांचं शहाणपण एवढंच आहे आणि तेही बऱ्याच बाटल्या ओतून आलेलं.

मी जो पाया करून ठेवते तो असा: सोया सॉस अर्धा कप, पाणी किंवा कुठलाही बिनमिठाचा स्टॉक पाऊण कप, साखर दोन टेबलस्पून, तांदळाचं व्हिनेगर एक टेबलस्पून. आल्याचे चार-पाच जाड काप ह्यात पाच मिनिटं मंद उकळायचे आणि काढून टाकायचे. व्हिनेगर गॅस बंद केल्यावर. गाळून बाटलीत. लसूण घालत नाही, तो खाताना कढईत ताजा. फ्रिजमध्ये दोन आठवडे मजेत राहतो.

जेवायच्या वेळी भाज्या किंवा टोफू परतून झाला की पाऊण कप पाया ओता. तो खदखदला की दोन टीस्पून कॉर्नफ्लोअर दीड टेबलस्पून गार पाण्यात कालवून घाला. कालवून ठेवलेलं दोन मिनिटांत तळाशी बसतं, म्हणून ओतायच्या क्षणी परत ढवळा. ही एक गोष्ट विसरली की सॉस पातळ आणि कढईच्या तळाला चिकटा. उकळी आली की तीस-चाळीस सेकंद, बास. पांढरट गढूळ रंग जाऊन चकाकी आली म्हणजे झालं.

आता ह्याच पायाचे अवतार. तेरियाकी हवा तर साखर दुप्पट आणि कॉर्नफ्लोअर अजिबात नाही. आटवूनच दाट करायचा. जपानीत तेरी म्हणजे चकाकी आणि याकी म्हणजे भाजणं. ती चकाकी मूळ रीतीत मिरिन (स्वयंपाकातली गोड तांदळाची वाइन), साके (तांदळाचं मद्य) आणि साखर आटून येते, स्टार्चने नव्हे. मिरिन नसेल तर थोडी जास्त साखर आणि चमचाभर पाणी. अगदी तसंच लागत नाही, पण वाईटही नाही. ब्लॅक पेपर हवा तर दोन टीस्पून जाडसर कुटलेली मिरी तेलात आधी परता. आंबट-गोड हवा तर व्हिनेगर तिप्पट, तेही शेवटी.

चिमूटभर

वाचनखूण साठवली. एक भाबडा प्रश्न: सोया सॉसच घरी करता येईल का? सगळ्याचं मूळ तेच आहे ना.

मंद आच

येईल, पण मग धागा पुढच्या वर्षी वर काढावा लागेल. शिजवलेलं सोयाबीन आणि भाजून भरडलेला गहू ह्यांवर कोजी नावाची बुरशी वाढवायची, मग ते मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने मुरवायचं, मग पिळून गाळायचं. बुरशी नेमकी तीच वाढली पाहिजे, शेजारची नको. मी एकदाही केलेलं नाही आणि करणारही नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर ह्यातच आहे, उकळी. जे मुरायला महिने लागतात ते विकत: सोया सॉस, फिश सॉस, मिसो (जपानी सोयाबीनची पेस्ट), गोचुजांग (कोरियन मिरचीची पेस्ट), चिनी दोउबानजिआंग (तीही मिरचीचीच पेस्ट). जे त्यांच्यापासून दहा मिनिटांत कालवलं जातं ते घरी. तुमच्या दारातल्या बहुतेक बाटल्या दुसऱ्या गटातल्या आहेत.

कोजी नाही राजी

सोया सॉसमध्येही डावं-उजवं असतं बरं का. चिनी 'लाइट' म्हणजे कमी मिठाचा नव्हे, रंगाने फिका आणि चवीला खारट. रोजच्या स्वयंपाकाचा तोच. 'डार्क' जास्त मुरलेला, दाट, किंचित गोडसर, मुख्यतः रंगासाठी, चमचाभर पुरतो. जपानी उसुकुची नावाचा सोया सॉस तर फिका असून नेहमीच्यापेक्षा खारट. इंडोनेशियाचा गोड सोया सॉस, केचाप मानिस, ताडगुळाने काकवीसारखा दाट असतो. त्याच्या जागी साधा सोया सॉस घातला तर नासी गोरेंगचा (तिथल्या फ्राइड राइसचा) रंगही येत नाही आणि चवही. पण हा घरी जमतो: सोया सॉस आणि ताडगूळ समप्रमाणात, मंद आचेवर पाकासारखं होईपर्यंत, सोबत एक चक्रफूल. ताडगूळ नसेल तर गडद गूळ.

कोणाला गव्हाचं वावडं असेल तर लेबल वाचा. नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो. तामारी ह्या जपानी प्रकारात बहुधा नसतो, पण 'बहुधा'वर विसंबू नका.

उष्मांक

रसभंग करतोय, पण एका टेबलस्पून सोया सॉसमध्ये साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला २,००० च्या आत राहायला सांगते. मंद आच ह्यांचा पाया पातळ केलेला आहे म्हणून बरं. वरून मीठ घालू नका, नूडल्सच्या पाण्यातही नको.

तिखटजाळ

सगळे गोडगोड बोलतायत. चिली ऑइलबद्दल कोणी बोलेल का?

माझी रीत. तेल तापवायचं, त्यात आलं, पातीच्या कांद्याचा पांढरा भाग, चक्रफूल, दालचिनीचा तुकडा, मंद आचेवर सोनेरी होईपर्यंत. गाळायचं. उष्णता सहन करणाऱ्या कोरड्या भांड्यात भरड मिरची, तीळ, मीठ. तेल तीन हप्त्यांत ओतायचं. पहिल्या हप्त्याला तेल चांगलं गरम, खमंग वासासाठी, दुसरा थोडा निवाल्यावर, रंगासाठी, तिसरा कोमट. सगळं एकदम कडकडीत ओतलं की मिरची काळी पडते आणि कडू होते, मग ती वाचवता येत नाही. तेल ठीक तापलंय का बघायला मिरचीचा एक कण टाका: बुडबुडे आले पाहिजेत, काळा पडता कामा नये.

सिचुआन मिरी मिळाली तर भाजून कुटून शेवटी. ती तिखट नसते, जिभेला मुंग्या आणते. सॅनशूल नावाच्या द्रव्याने ओठांना जो कंप जाणवतो तो सेकंदाला सुमारे ५० वेळा होणाऱ्या थरथरीसारखा असतो, असं २०१३ मधल्या एका प्रयोगात मोजलं होतं. एरवी मिरची आणि मिरी ह्यांच्यात मी कोणाची बाजू घेत नाही, इथे मिरीची घेईन.

घाईगडबड

मी ह्यात ठेचलेला कच्चा लसूणही घालते आणि बरणी ओट्यावरच असते. महिनाभर पुरते. मस्त लागते.

प्रयोगवही

घाईगडबड, ती बरणी आज टाकून द्या. चेष्टा नाही.

लसूण जमिनीतला. त्याच्यावर क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनमचे बीजाणू असू शकतात. एरवी ते काही करत नाहीत, कारण त्यांना हवा सोसत नाही. तेलात बुडवलं की हवा बंद, आम्ल नाही, ओट्यावरची ऊब आहे, लसणात ओलावा आहे. त्यांना एवढंच हवं असतं. ते जे विष तयार करतात त्याला वास नाही, चव नाही, बुरशीसारखं काही दिसत नाही. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला एका उपाहारगृहात तेलातल्या लसणामुळे ३६ जण आजारी पडले होते. तो लसूण फ्रिजबाहेर ठेवलेला होता. पुढे १९८९ मध्ये अमेरिकेत अशा बाटलीबंद मालात आम्ल घालणं सक्तीचं झालं.

तेव्हा तेलात ताजा लसूण असेल तर फ्रिजमध्ये, चार दिवसांत संपवा, नाहीतर डीपफ्रीझ. महिनाभर हवं असेल तर लसणाची कोरडी पूड वापरा.

घाईगडबड

टाकली. हात थरथरत होते. आजवर काही झालं नाही म्हणून पुढेही होणार नाही असं धरून चालले होते.

तिखटजाळ

मी लसूण का घालत नाही हे लिहायला हवं होतं. चूक माझी.

हिरवी वाटी

आमच्याकडे मासे-मांस नाही. फिश सॉस, ऑयस्टर सॉस असं वाचलं की मी पान उलटते. काही उपाय?

कोजी नाही राजी

उपाय आहे, आणि तो दुय्यम नाही. १९०८ मध्ये टोकियोत किकुनाए इकेडा ह्या रसायनशास्त्रज्ञाने कोम्बु नावाच्या समुद्री वनस्पतीच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी नाव दिलं. तुम्हाला जी खोल चव हवी आहे तिचा मूळ शोधच शाकाहारी आहे! पुढे सुक्या शिताके मशरूममधल्या ग्वानिलेटचाही शोध लागला, आणि ही दोन द्रव्यं एकत्र आली की चव बेरजेने नाही, गुणाकाराने वाढते.

म्हणून: चार-पाच सुके शिताके आणि तळहाताएवढा कोम्बु एक लिटर गार पाण्यात रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी मंद तापवा आणि उकळी फुटायच्या आत कोम्बु काढून घ्या. उकळला की तो बुळबुळीत आणि कडवट होतो. हे पाणी म्हणजे तुमची दाशी, जपानी स्टॉक. ह्याचा एक कप, दोन टेबलस्पून सोया सॉस आणि एक टेबलस्पून साखर घालून चौथ्या हिश्श्यापर्यंत आटवा, म्हणजे ऑयस्टर सॉसच्या जागचा दाट काळा सॉस मिळेल. नुऑक चाम ह्या व्हिएतनामी आंबट-गोड सॉससाठी (एरवी तो फिश सॉसचा असतो) त्याच दाशीत मीठ, लिंबू, साखर आणि थोडा सोया सॉस. तिथे उपासाचं शाकाहारी जेवण करणारे बौद्धही मासळीशिवायचा असा सॉस करतात, त्यामुळे आपण काही भ्रष्ट करतोय असं मानू नका.

होइसिन शब्दाचा अर्थ 'समुद्री खाद्य' असा आहे, पण त्यात मासळी सहसा नसते. नावावरून पान उलटू नका, लेबल बघा.

चिमूटभर

ग्लुटामेट म्हणजे ती पांढरी पावडर? मी तर नावानेच घाबरते. डोकं दुखतं म्हणे.

प्रयोगवही

तीच. आणि भीतीची जन्मतारीखही माहीत आहे. १९६८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका डॉक्टरांचं छोटंसं पत्र छापून आलं. चिनी उपाहारगृहात जेवलं की मान बधिर होते, धडधडतं. कारण सोया सॉस असेल, वाइन असेल, एमएसजी (म्हणजे हीच पावडर) असेल की सोडियम, असं त्यांनी विचारलं होतं. प्रश्न होता तो. लोकांनी त्यातलं एकच नाव उचललं आणि उत्तर करून टाकलं. नेहमीच्या जेवणातल्या प्रमाणात त्रास होतो हे नंतरच्या काटेकोर चाचण्यांत सातत्याने दिसलेलं नाही. टोमॅटोत, मुरलेल्या चीझमध्ये, सोया सॉसमध्ये ग्लुटामेट असतंच. आणि एमएसजीत सोडियम मिठाच्या साधारण एक तृतीयांश.

उष्मांक

सहमत, पण एक पुरवणी. ज्यांना खरंच त्रास जाणवतो त्यांना 'तुमच्या मनाचे खेळ आहेत' असं म्हणू नका. नका खाऊ, संपलं. मी घरी वापरत नाही, कारण पावडर हाताशी असली की मी स्टॉक करायचा आळस करतो.

मंद आच

मी वापरते. पाव टीस्पून, चार जणांच्या नूडल्सना. इथवर भांडण पुरे, सॉसवर या.

खलबत्ता

मी थाय पेस्टवाला. मिक्सरबद्दल एक शब्द बोलायला आलोय. मिक्सर फिरावा म्हणून आपण पाणी घालतो, आणि पाणी घातलेली पेस्ट तेलात परतली जात नाही, उकडली जाते. खल नसेल तर पाण्याऐवजी चमचाभर तेल किंवा नारळाच्या दुधावरची साय घाला.

खल असेल तर क्रम महत्त्वाचा: कडक आणि कोरडं आधी, मऊ आणि ओलं शेवटी. भाजलेले धणे-जिरे-मिरी कुटून बाजूला. मग मीठ आणि मिरच्या (मीठ खरखरीत असतं, कुटायला मदत करतं), मग गवती चहा, गलांगल (आल्यासारखा कंद), माक्रुत ह्या थाय लिंबाची साल, कोथिंबिरीची मुळं, शेवटी लसूण आणि छोटे कांदे. गवती चहाची पाती नकोत, खालचा पांढरट दांडा घ्या आणि आडवा, अगदी बारीक चिरा, नाहीतर दातात दोऱ्या येतात. पाऊण तास लागतो. दंड भरून येतात. दर वेळी ठरवतो की ही शेवटची, आणि झाकण काढून वास घेतला की विसरतो.

परतताना नारळाचं दाट दूध कढईत घेऊन तेल सुटेपर्यंत आटवायचं आणि त्या तेलात पेस्ट. खोक्यातलं दूध बऱ्याचदा फाटतच नाही, कारण त्यात दूध एकजीव ठेवणारे पदार्थ असतात. आधी तासभर ढवळत बसू नका, सरळ एक टेबलस्पून तेल घाला. उरलेली पेस्ट बर्फाच्या साच्यात गोठवा. हिच्यात स्टार्च नाही, त्यामुळे तिचं काही बिघडत नाही.

शेंगदाणी

शेंगदाण्याचा सॉस विसरलात! पीनट बटर चार टेबलस्पून, सोया सॉस एक, चिंचेचा कोळ एक, साखर एक टीस्पून, चिली ऑइल. आता गंमत: थोडं गरम पाणी घातलं की तो सैल व्हायच्या ऐवजी दगडासारखा घट्ट होतो आणि माणूस घाबरून तेल ओततो. घाबरू नका. आणखी पाणी घाला, एकेक चमचा, घोटत राहा. एका क्षणी तो एकदम सुटतो आणि क्रीमसारखा होतो. तिळाच्या पेस्टचंही तसंच. पाहुणे येणार असतील तर आधी शेंगदाणे चालतात का विचारा.

घाईगडबड

सॉस कळले. पण माझा फ्राइड राइस लापशी का होतो?

मंद आच

गरम भात वापरता म्हणून, आणि एकदम चौघांचा करता म्हणून. घरच्या गॅसची आच हॉटेलच्या शेगडीच्या जवळपासही नसते. कढई भरली की ती गार पडते, पाणी सुटतं आणि सगळं आपल्याच वाफेत शिजतं. दोन वाट्या भात एका वेळी. आधी अंडं किंवा भाज्या परतून बाहेर काढा, भात शेवटी, सॉस कढईच्या कडेने सोडा म्हणजे तो भातावर पडण्याआधी चरचरतो. भाजलेल्या तिळाचं तेल गॅस बंद केल्यावर. ते तापवायचं तेल नाही, वासाचं आहे.

प्रयोगवही

आणि शिळा भात म्हणजे रात्रभर ओट्यावर राहिलेला भात नव्हे. बॅसिलस सीरियसचे बीजाणू शिजवण्यातून वाचतात आणि कोमट भातात वाढतात. त्यांच्यातलं उलट्या करवणारं विष परत कितीही परतलं तरी नष्ट होत नाही. भात ताटात पसरून लवकर गार करा आणि तासाभरात फ्रिजमध्ये. फ्रिजच्या कोरड्या गारव्यात दाणेही सुटे होतात, म्हणजे सुरक्षिततेचं आणि चवीचं इथे एकमत आहे.

उकळी

चार दिवस गायब होते, कारण स्वयंपाकघरात प्रयोगशाळा उघडली होती. नुसतं पाणी-सोया-कॉर्नफ्लोअर शिजवलं, कोमट झाल्यावर चार वाट्यांत सारखं वाटलं. पहिली तशीच. दुसरीत चमचाभर व्हिनेगर. तिसरीत कच्चा मध. चौथीत मी चमचा तोंडात घालून तीनदा ढवळलं (मुलांनी फार आनंदाने बघितलं).

चौथीचं अर्ध्या तासात पाणी. डोळ्यांदेखत! तिसरी रात्रभरात सैल झाली, पण ओतता येईल इतकी नाही. व्हिनेगरवाली आणि साधी जवळपास सारख्याच, दोघींच्या कडेने थोडं पाणी सुटलेलं. म्हणजे प्रयोगवही म्हणाले तसंच: व्हिनेगर गार असताना निरुपद्रवी.

मग मंद आचताईंचा पाया केला. पातळ बाटली बघून घरात 'हे काय, काढा?' असं विचारलं गेलं. रात्री कढईत टोफूवर ओतला, कालवलेलं कॉर्नफ्लोअर (ढवळून!) घातलं आणि तीस सेकंदांत तो आरशासारखा झाला. आज पाचवा दिवस, बाटलीतला होता तसाच आहे.

एक चूक केली तीही सांगते. टोफू नीट पिळला नव्हता, त्याने पाणी सोडलं आणि सॉस परत पातळ.

मंद आच

टोफू मिठाच्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा, मग कपड्यावर निथळू द्या. मिठाचं पाणी त्याच्यातलं पाणी ओढून घेतं आणि आतपर्यंत मीठही जातं. पिळत बसायला नको, तुटतो.

चिमूटभर

जाताजाता, रामेनसारख्या पिवळट, लवचिक नूडल्स घरी?

प्रयोगवही

त्या अल्कधर्मी पाण्यामुळे तशा होतात. खाण्याचा सोडा ओव्हनमध्ये १२० अंशांवर तासभर भाजा, त्यातून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून तो जास्त तीव्र सोडा होतो. मैद्याच्या वजनाच्या १ टक्का, पाण्यात विरघळवून. हाताला आणि डोळ्याला लागू देऊ नका, बरणीवर ठळक नाव लिहा. पीठ इतकं कोरडं लागेल की चूक झाली असं वाटेल. नाही झालेली, झाकून ठेवा.

खलबत्ता

ह्याचा वेगळा धागा काढा राव, इथे सॉस चाललाय.

उकळी

शेवटचा प्रश्न. दारातल्या त्या दोन-दोन बोटांचं काय करू? होइसिनच तीन बाटल्यांत आहे.

शेंगदाणी

तिन्हीत चमचा-चमचा गरम पाणी घाला, झाकण लावून जोरात हलवा, एका पातेल्यात ओता. त्यात दोन चमचे पीनट बटर, थोडा लिंबाचा रस, किंचित चिली ऑइल. तांदळाच्या पातळ कागदात (राइस पेपरमध्ये) गुंडाळलेल्या व्हिएतनामी कच्च्या रोलबरोबर साधारण असाच सॉस देतात.

उकळी

झाला. तीन बाटल्या धुऊन पालथ्या घातल्यात. चव वेगळ्या चमच्याने बघितली.